गोमाशी चावली तर घाबरू नका, पण गोठ्याकडे दुर्लक्षही करू नका



पावसाळा लागला की कळमनुरी भागातल्या वस्त्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गाय दावणीला स्थिर उभी राहत नाही. सारखी शेपटी आपटते, पाय झाडते, दूध काढताना लाथ मारते. शेपटीखाली, मांड्यांच्या आत आणि कासेभोवती पाहिले तर चपट्या, तपकिरी माश्यांचा घोळका चिकटलेला असतो. हात मारला तरी त्या उडून जात नाहीत, खेकड्यासारख्या आडव्या सरकून दुसऱ्या जागी बसतात. त्यांतलीच एखादी दूध काढणाऱ्या बाईच्या मानेवर किंवा दंडावर येऊन चावते. मग घरात प्रश्न सुरू होतात. हिचे विष चढते का? जनावराचा रोग माणसाला लागतो का? लेकराला ताप आलाय, तो हिच्यामुळेच का? यावर काय लावायचे?

या महिन्याच्या आरोग्य पानावर या प्रश्नांची उत्तरे पाहू. आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी एखादी गाय किंवा म्हैस, दोन-चार शेळ्या, दारात कुत्रा आणि पत्र्याखाली पारवे असतातच. जनावर आणि माणूस एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात. म्हणून जनावराच्या रक्तावर जगणारी माशी ओळखता येणे हे आपल्याही आरोग्याचे काम आहे.

एक नाव, तीन माश्या

जनावराला चावणाऱ्या कोणत्याही माशीला आपण सरसकट गोमाशी म्हणतो. पण गोठ्यात प्रामुख्याने तीन वेगळ्या माश्या असतात आणि तिघींचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिली ती चपटी, चिवट माशी. या लेखात गोमाशी म्हणजे हीच. अंग चामड्यासारखे, रंग तपकिरी, त्यावर फिकट पिवळसर ठिपके आणि पायाला मजबूत नख्या. ही जनावराच्या अंगावरच मुक्काम करते. चिमटीत धरून दाबली तरी मरत नाही, निसटून जाते. हिच्यात नर आणि मादी दोघेही रक्त पितात.

दुसरी मोठी, दणकट माशी. हिला काही ठिकाणी घोडमाशी म्हणतात. डोळे मोठे आणि चमकदार, उडताना जोराचा आवाज. ही अंगावर राहत नाही. दिवसाउजेडी येते, चावते, रक्त पिते आणि निघून जाते. हिच्यात फक्त मादी रक्त पिते. तिचे तोंड पात्यासारखे असते. ती कातडी कापते आणि साचलेले रक्त चाटते, म्हणून हिचा चावा फार दुखतो. हिची अंडी पाण्याकाठच्या गवतावर असतात आणि अळ्या चिखलात वाढतात. नदी-नाल्याकाठी आणि धरणाच्या काठावर चरणाऱ्या जनावरांना पावसाळ्यात हिचा त्रास जास्त होतो. कयाधूच्या काठाला किंवा इसापूर धरणाच्या बाजूला गुरे नेणाऱ्यांना हे सांगायला नको.

तिसरी दिसायला अगदी घरमाशीसारखी. फरक तोंडात आहे. घरमाशीची सोंड मऊ असते आणि ती फक्त चाटते. हिची सोंड सुईसारखी ताठ, पुढे आलेली असते. ही बहुधा जनावराच्या पायांना चावते. गोठ्यात बसल्यावर आपल्या घोट्याला “घरमाशी चावली” असे वाटते ती हीच. शेण, मूत आणि कडब्याचा चुरा एकत्र कुजतो तिथे हिची पैदास होते.

गोमाशीचा संसार

गोमाशीची एक गोष्ट जगावेगळी आहे. घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. गोमाशी अंडी घालतच नाही. तिच्या पोटात एका वेळी एकच अळी वाढते आणि आतल्या आत दुधासारख्या रसावर पोसली जाते. पूर्ण वाढलेली अळी ती बाहेर टाकते. ही जागा म्हणजे गोठ्याच्या भिंतीची भेग, दावणीखालची कोरडी माती किंवा कोपऱ्यातले सुकलेले शेण. थोड्याच वेळात त्या अळीचे कवच टणक व काळे होते. ते एखाद्या बीसारखे दिसते. हवामानाप्रमाणे साधारण तीन-चार आठवड्यांनी त्यातून नवी माशी निघते आणि थेट जनावर गाठते.

याचा आपल्याला उपयोग काय? एक मादी आयुष्यभरात मोजकीच पिल्ले देते. म्हणजे ही माशी हटवणे डासांपेक्षा सोपे आहे. अंगावरच्या माश्या हाताने वेचल्या आणि गोठ्याच्या भेगा बुजवल्या, तर दोन-तीन महिन्यांत तिची संख्या उतरते. त्यासाठी महागडे औषध लागतेच असे नाही, नेम लागतो.

कुत्रा आणि पारवा

कुत्र्यावरही याच कुळातली एक माशी राहते. ती थोडी लहान आणि फिकट असते. कान, मान आणि पाठ या तिच्या जागा. गोचीड वेगळी आणि ही वेगळी. गोचीड एका जागी रुतून फुगते आणि तिला आठ पाय असतात. या माशीला सहा पाय आणि पंख असतात, आणि ती केसांतून पळते.

पारव्यांच्या पिसांतही अशीच एक चपटी माशी असते. पत्र्याखालचे घरटे काढताना किंवा पारवा हातात धरल्यावर ती अंगावर येते आणि चावते. पारव्यांमध्ये ती मलेरियासारख्याच एका जंतूचा प्रसार करते. हे अल्जेरियात संशोधकांनी १९०६ च्या सुमारास दाखवून दिले. पण तो जंतू पक्ष्यांचा आहे, माणसात तो रोग करत नाही. पारव्यांच्या बाबतीत माशीपेक्षा त्यांच्या विष्ठेची धूळ जास्त घातक. रोज ती नाकात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. म्हणून घरटे काढायचे असेल तर आधी पाणी शिंपडा, नाकातोंडाला फडके बांधा आणि मगच झाडा. दमा असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

चावल्यावर काय करायचे

या माश्यांमध्ये साप-विंचवासारखे विष नसते. चावताना त्यांची लाळ आत जाते. तिच्यामुळे जागा लाल होते, सुजते, खाजते. हे एक-दोन दिवसांत उतरते.

१. जागा साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा.
२. ओल्या थंड फडक्याची घडी दहा मिनिटे धरा.
३. खाजवू नका. लेकरांची नखे कापून ठेवा. चाव्यापेक्षा खाजवून झालेली जखम जास्त चिघळते.
४. खाज फार असेल तर आरोग्य केंद्रातून लावायचे मलम किंवा गोळी घ्या.
५. चुना, तंबाखू, रॉकेल, शेण यांपैकी काहीही लावू नका. रॉकेल आणि चुन्याने कातडी भाजते. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

दवाखान्यात कधी जायचे? जागेवर पू झाला, लाली पसरत चालली, दुखणे वाढत गेले किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा. चावल्यावर थोड्याच वेळात ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, दम लागला किंवा चक्कर आली तर ती जोराची ॲलर्जी आहे. असे क्वचित होते, पण झाले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

सर्रा: माशीच्या तोंडातून पसरणारा रोग

आता मोठ्या प्रश्नाकडे येऊ. जनावराचा रोग माशीमुळे माणसाला लागतो का?

जनावरांत सर्रा नावाचा एक रोग आहे. त्याचा जंतू रक्तात पोहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणाऱ्या माशासारखा दिसतो. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, आजारी घोडे आणि उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. त्यांच्याच नावावरून जंतूला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे नाव मिळाले. हा जंतूच रोगाचे कारण आहे हे त्यांचे म्हणणे त्या वेळच्या जाणकारांनी लगेच मानले नाही. पण काचेवर जे दिसत होते ते खरे होते.

सर्रा पसरवण्यात मुख्य वाटा घोडमाशीचा आणि गोठ्यातल्या सुईतोंड्या माशीचा. पद्धत साधी आहे. माशी आजारी जनावराचे रक्त पीत असते. जनावर शेपटी मारते. माशी अर्ध्यावर उठते आणि शेजारच्या निरोगी जनावरावर बसते. तिच्या तोंडाला लागलेले ओले रक्त नव्या जखमेत जाते. एकच सुई दोघांना टोचल्यासारखे हे आहे. तोंडावरचा जंतू फार वेळ जगत नाही. त्यामुळे जनावरे जितकी खेटून बांधलेली, तितका धोका जास्त.

सर्रा झालेल्या जनावराला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. ते वाळत जाते, डोळ्याच्या आतला भाग पांढरा पडतो, पाय आणि पोटाखाली सूज येते. काही जनावरे गोल फिरतात, भिंतीला डोके लावून उभी राहतात. गाभण जनावर गाभडते. घोडा आणि कुत्रा यात लवकर दगावतात. कुत्र्याच्या डोळ्यावर निळसर-पांढरा पडदा येऊ शकतो. गाय-म्हशीत रोग बऱ्याचदा लपून राहतो आणि दूध, ताकद हळूहळू जाते. अशा वेळी “बाहेरचे झाले”, “नजर लागली” म्हणून उतारा टाकण्यात दिवस जातात. पशुवैद्यकाने रक्त तपासून वेळेवर इंजेक्शन दिले तर जनावर वाचते.

चंद्रपूरचा शेतकरी

हा रोग माणसाला होत नाही, असेच शंभराहून अधिक वर्षे मानले जात होते. मग २००४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावच्या शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा जंतू सापडला. जनावरांत राबणारा हा माणूस. त्याला ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. असे पाच महिने चालले होते. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर वळवळणारे जंतू दिसले. आधी कोणाचा विश्वास बसणे अवघड होते, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी परदेशातल्या प्रयोगशाळांच्या मदतीने अनेक तपासण्या केल्या. सगळ्यांचे उत्तर एकच आले. सर्राचा जंतू माणसात आढळल्याची ही पक्की नोंद झालेली जगातली पहिली घटना. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे औषध मिळाले. आफ्रिकेत माणसांना होणाऱ्या निद्रारोगावर, म्हणजे याच जंतूच्या भाऊबंदामुळे होणाऱ्या रोगावर, ते वापरतात. रुग्ण पूर्ण बरा झाला.

मग प्रश्न आला की गावातल्या बाकीच्यांचे काय? तिथे १,८०६ लोकांचे रक्त तपासले. ४१० जणांच्या, म्हणजे सुमारे २३ टक्के लोकांच्या पहिल्या चाचणीत या जंतूशी संपर्क आल्याची खूण दिसली. त्यांतल्या ज्या ६० जणांची खूण ठळक होती त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिले. एकाच्याही रक्तात जंतू नव्हता. संपर्क आला असेल, पण रोग झाला नव्हता.

असे का? उत्तर आपल्या रक्तातच आहे. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असते, त्याचे नाव ॲपोएल-वन. ते या जंतूला भोक पाडून मारते. त्या शेतकऱ्याच्या रक्तात हे प्रथिन जन्मतःच तयार होत नव्हते. ही गोष्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे आपल्याजवळ निसर्गाने दिलेले एक चिलखत आहे आणि त्या एका माणसाजवळ ते नव्हते. त्यात त्याचा दोष नव्हता, आणि कुणाच्या करणीचा तर मुळीच नव्हता.

पण चिलखत आहे म्हणून बेफिकीर होऊ नये. पुढे व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच रोग झाला आणि तिच्या रक्तात ते प्रथिन व्यवस्थित होते. तिचा संबंध कच्च्या मांसाशी आला होता. चंद्रपूरच्या शेतकऱ्यालाही आजारी जनावराच्या रक्तातून लागण झाली असावी, असे डॉक्टरांचे मत होते. म्हणजे माशीच्या चाव्यापेक्षा हातावरच्या उघड्या जखमेला लागलेले जनावराचे रक्त जास्त धोक्याचे.

ही गोष्ट आपल्या समाजाने नीट ऐकावी. मेलेली गुरे ओढणे आणि कातडी सोलणे हे काम जातीने आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मारले. ते सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आपण ते सोडले. माणूस म्हणून मान मिळवण्याचा तो प्रश्न होता. आरोग्याच्या अंगानेही ते काम उघड्या हातांनी करण्याजोगे नव्हतेच. आजही पोटासाठी कोणी मांस कापते, कोणी कातड्याचे काम करते, कोणी गाय-शेळीची वार काढते. जात कोणतीही असो, हातात रबरी मोजे हवेत, जखमेवर पट्टी हवी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवायला हवेत. मोजे मागणे म्हणजे नखरे नव्हेत.

लम्पीच्या वर्षी काय झाले ते आठवा

२०२२ च्या पावसाळ्यात राज्यात लम्पी चर्मरोग आला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सुरुवात झाली आणि बघता बघता तो मराठवाड्यातही पोहोचला. गाई-बैलांच्या अंगावर गाठी, ताप, पाय सुजणे, दूध आटणे. हा विषाणूचा रोग आहे आणि तो पसरवण्यात चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडांचा हात असतो. तो माणसाला होत नाही. तरीही त्या वेळी अनेकांनी दूध पिणे बंद केले आणि दोन-तीन गाईंवर घर चालवणाऱ्या बायांचे दूध कोणी घेईना. अफवेने केलेले नुकसान रोगापेक्षा कमी नव्हते. दूध उकळून प्या, एवढाच सल्ला पुरेसा होता.

त्या साथीत सरकारने मोफत लसीकरण केले. मेलेल्या जनावरासाठी दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये अशी मदत जाहीर झाली. मदत मिळण्यासाठी जनावर मेल्याची नोंद व्हावी लागते. वस्तीतल्या एखाद्या विधवा बाईची गाय गेली आणि तिने कोणालाच कळवले नाही, तर ती गाय सरकारच्या हिशेबी नसतेच. म्हणून जनावराच्या कानातला बिल्ला, लसीची नोंद आणि आजारी पडताच पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर या तीन गोष्टी कधी चुकवू नका. जनावरांच्या मदतीसाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. तो भिंतीवर लिहून ठेवा.

माशीपेक्षा घातक: घरातले फवारणीचे औषध

माझ्या नोकरीच्या काळात गोमाशी चावून अत्यवस्थ झालेला माणूस मी पाहिला नाही. माश्या, गोचीड आणि उवा मारायला वापरलेल्या कपाशीच्या औषधाने अत्यवस्थ झालेली लेकरे मात्र पाहिली. शेतातून उरलेली बाटली घरात असते. थोडे पाण्यात कालवून ते गाईच्या, कुत्र्याच्या अंगाला चोळतात. त्याच हाताने भाकरी होते. लेकरू त्याच कुत्र्याच्या गळ्यात पडते. काही ठिकाणी तर तेच औषध मुलीच्या केसांना लावतात.

ही औषधे कातडीतून आत जातात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोकळ्या रानात, फवारा हवेत उडत असताना हे झाले. मग तेच औषध उघड्या हाताने चोळल्यावर काय होईल?

तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, उलटी-जुलाब, डोळ्याची बाहुली बारीक होणे, अंग फडफडणे, श्वास लागणे ही या विषबाधेची लक्षणे. असे दिसले तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा, धुणाऱ्याने स्वतःच्या हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. उलटी करायला लावू नका. औषधाची बाटली किंवा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा, कारण बाटलीवरचे नाव पाहून डॉक्टर नेमका उतारा देतात.

जनावरावर वापरायचे माशीनाशक औषध वेगळे असते. ते पशुवैद्यकाकडून घ्या. किती पाण्यात किती, गाभण जनावराला चालते का, किती दिवस दूध वापरायचे नाही, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय बाटली घेऊ नका.

गोठ्यातले साधे उपाय

- शेण-मूत रोज सकाळी उचला. उकिरडा घर आणि गोठ्यापासून दूर ठेवा आणि वर मातीचा थर टाका. सुईतोंड्या माशीची पैदास इथेच तुटते.
- भिंतीच्या आणि दावणीखालच्या भेगा माती-शेणाने नव्हे, तर चिखल-चुना किंवा सिमेंटने बुजवा. कोपऱ्यातले सुकलेले शेण खरवडून काढा. गोमाशीची काळी बी तिथेच असते.
- आठवड्यातून दोनदा जनावराला खरारा करा. माश्या वेचून साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. हे काम सकाळी लवकर, माश्या सुस्त असताना करा.
- नवीन विकत आणलेले जनावर आठ-दहा दिवस वेगळे बांधा. बाजारातून माशी आणि रोग दोन्ही सोबत येतात.
- आजारी जनावर बाकीच्यांपासून लांब बांधा. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचू देऊ नका.
- कडुलिंबाच्या पाल्याचा धूर संध्याकाळी गोठ्यात करता येतो, पण झोपायच्या खोलीत धूर कोंडू नका. बाळ, बाळंतीण आणि दमेकऱ्याला त्याचा त्रास होतो.
- दूध काढताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

वस्तीत जागा कमी असते, हे मला माहीत आहे. गोठा दूर नेता येत नाही. तिथे चार-पाच घरांनी मिळून एकच शेणखड्डा करावा. एकट्या घराने स्वच्छता ठेवली आणि शेजारी उकिरडा साचला तर माशी दोघांकडेही येते. ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे नाली आणि कचऱ्याची मागणी करायची असेल तर ती सह्या घेऊन, लेखी करा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

वस्तीत विचारले जाणारे प्रश्न

*गोमाशी बसलेल्या गाईचे दूध चालते का?*
चालते. दूध गाळून, उकळून प्या. जनावराला औषध लावले असेल तर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस पाळा.

*माशी चावल्यावर ताप आला, तो सर्राच का?*
जवळपास नक्कीच नाही. आपल्याकडे पावसाळ्यातल्या तापाची कारणे मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, स्क्रब टायफस अशी असतात. पण अंदाज करत बसू नका, तपासा.

*लेकराला कुत्र्याजवळ जाऊ द्यावे का?*
द्यावे, पण कुत्र्याला अंघोळ घाला, माश्या-गोचीड काढा आणि रेबीजची लस द्या. कुत्र्याच्या माशीपेक्षा कुत्र्याचा दात शंभरपट धोक्याचा. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्या.

*अंगावर बसलेली गोमाशी कशी मारायची?*
चापट मारून उपयोग नाही. चिमटीत घट्ट धरून साबणाच्या पाण्यात टाका. नखाखाली चिरडू नका, तिच्या पोटात जनावराचे रक्त असते.

तीन दिवसांचा ताप आणि एक काचपट्टी

शेवटी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चंद्रपूरच्या त्या माणसाचा आजार ओळखला गेला तो बोटाच्या टोकाएवढ्या रक्ताच्या थेंबामुळे. काचेवर तो थेंब पसरला आणि कोणीतरी डोळे लावून पाहिले. जगात पहिल्यांदा दिसलेला रोग अशा साध्या तपासणीने सापडतो, तर आपल्या रोजच्या तापाचे कारण का सापडणार नाही?

म्हणून ताप तीन दिवस राहिला, किंवा उतरून पुन्हा आला, तर गोळी घेऊन घरी बसू नका आणि अंगारा लावूनही बसू नका. आशाताईकडे किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन सांगा, “रक्ताची काचपट्टी घ्या.” मलेरियासाठी ही तपासणी मोफत आहे. तुमच्या घरी गुरे असतील, जनावराचे रक्त हाताला लागले असेल, आठवड्यात मेलेल्या जनावराला हात लागला असेल तर तेही डॉक्टरांना न विचारता सांगा. कपड्यांवरून आणि बोलण्यावरून आपल्याला घाईत वाटेला लावण्याचा अनुभव पुष्कळांना आहे. तरी खुर्चीवरून उठू नका. काय तपासले, काय निघाले, कागद कुठे आहे, हे विचारा आणि कागद सांभाळून ठेवा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचा. ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी आपापल्या गोठ्यातल्या भेगा मोजून याव्यात, आणि पुढच्या रविवारी किती बुजवल्या ते सांगावे.